धूसर कठडा

१

माझी भाची लबाड आहे, असं सांगणारी नोटीस माझ्या ताटाशेजारी येऊन पडली तेव्हा मी सारभात कालवत होते. घास तसाच राहिला.

"वाच मावशी," सुप्रीता म्हणाली. बेळ्ळंदूरहून जयनगरपर्यंत रिक्षात रडत आली असावी. डोळे सुजले होते.

सुप्रीता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिच्या सोसायटीच्या पलीकडे रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट आला. दसऱ्याच्या दुपारी विजयमुहूर्त साधून, नारळ फोडून सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या भागात पांढरी धूळ उडायला लागली. वाळत घातलेले कपडे झटकले की धूर निघावा तशी धूळ निघायची. सुप्रीतानं प्रदूषण समितीकडे प्लांटविरुद्ध अर्ज केला. गच्चीवर कॅमेरा आधीपासूनच होता, तळ्याकडे लक्ष ठेवायला लावलेला. तो रोज सकाळी एक फोटो काढतो. समोर गच्चीचा कठडा, मध्ये पाण्याची उंच टाकी, पार मागे बन्नेरघट्टच्या बाजूचा डोंगर. दसऱ्यापूर्वी डोंगर दिसतो, नंतर दिसत नाही. हाच तिचा पुरावा.

आणि परवा प्लांटच्या वकिलानं उलट नोटीस धाडली होती. म्हणे, दसऱ्याच्या पूजेत कॅमेऱ्याच्या काचेला कुंकू आणि तेल लागलं, त्यानंतरचे सगळे फोटो त्या डागामुळे धूसर, धुळीमुळे नव्हेत. अर्जदार बाईंना हे ठाऊक असून त्यांनी मुद्दाम फसवणूक केली. उद्याच्या सुनावणीआधी अर्ज मागे घेऊन माफीनामा द्यावा, नाहीतर पोलीस आणि कॉलेज दोन्हीकडे तक्रार जाईल. सोबत माफीनामाही टाइप करून जोडलेला. फक्त सही करायची. केवढी ती सोय!

"मी सही करून टाकते," सुप्रीता म्हणाली. "नोकरी तरी वाचेल."

"हात लावून बघ त्या पेनाला!" मी ओरडले. "आयुष्यभर पोरांना शिकवलंस ना, जे दिसतं ते मांडायचं म्हणून? मग जे केलंच नाहीस त्याची माफी कसली मागतेस?"

"पण मावशी, फोटो खरंच तसे दिसतात. डाग पडल्यासारखे."

मला राग आला की भूक मरते. ताट झाकून ठेवलं. चाळीसेक वर्षं मी हेच काम केलं: विमानातून, उपग्रहातून काढलेले फोटो हवेतल्या कणांमुळे किती बिघडतात ते मोजणं. धूळ कुठली आणि डाग कुठला, हे मला शिकवायला कोणी वकील नको होता.

"चल. मला ते फोटो दाखव," मी म्हटलं.

२

सुप्रीताच्या घरी तिच्या सासूबाई, अंबूबाई, सोफ्यावर पाय वर घेऊन गप्प बसल्या होत्या. हे मला चमत्कारिक वाटलं. या बाई कधी गप्प नसतात. रोज सकाळी टॅबवर कसली कसली चित्रं सजवून, गुलाब चिकटवून, 'शुभ प्रभात' लिहून घरच्या ग्रुपवर पाठवतात. आम्ही नातेवाईक सगळ्यांनी तो ग्रुप केव्हाच मुका करून ठेवलाय. मीसुद्धा. माझ्या फोनची जागा खातात म्हणून मी त्यांच्या नावानं बोटं मोडते. पण परवापासून गुलाब आले नव्हते, हे आत्ता ध्यानात आलं.

"माझ्याच हातानं झालं हो, अनुसूयाबाई," त्या पुटपुटल्या. "कॅमेऱ्याला कुंकू मी लावलं. मीच सुनेच्या वाटेत काटे पेरले."

"काचेला लावलंत?"

"पेटीवर लावलं, वरच्या बाजूला. काचेला हात लागला नाही असं वाटतं. पण वयाचा भरवसा काय! कठड्याला झेंडूची माळ बांधली, नमस्कार केला, खाली आले."

सुप्रीतानं समितीकडे दिलेले फोटो मोठ्या पडद्यावर लावले. मी चष्मा पुसला आणि बघत बसले. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे फोटो आरशासारखे लख्ख. दसऱ्याच्या सकाळपासून पुढचे सगळे धूसर. डोंगर नाहीसा, टाकी पुसट.

आणि कठडाही पुसट.

मी पडद्याजवळ सरकले. कठडा कॅमेऱ्यापासून चार पावलांवर आहे.

"सुप्रीता," मी म्हटलं, "हे धुळीनं झालेलं नाही."

३

पोरीचा चेहरा उतरला. पण समजूत घालायच्या भानगडीत मी पडले नाही. आधी गणित सांगितलं.

"हवेतला प्रत्येक कण उजेड फोडतो. डोंगरावरून निघालेला उजेड वाटेत इकडेतिकडे पांगतो, आणि मधल्या हवेचा भलताच उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो. दुधात पाणी घालत जावं तसं. वाट जेवढी लांब, तेवढी भेसळ जास्त. म्हणून खऱ्या धुळीत डोंगर आधी जातो, मग टाकी फिकी पडते, पण चार पावलांवरचा कठडा? तो लख्खच राहतो. मधे धूळ असून असून किती असणार? उलट काचेवर तेलाचं बोट फिरलं, तर जवळचं काय नि लांबचं काय, सगळ्यांचीच माती."

"म्हणजे काचेला डागच होता!" सुप्रीता म्हणाली.

"किंवा डाग होता असं वाटावं म्हणून कोणीतरी फोटो कॉम्प्युटरवर पुसट केले. सगळे एकाच फडक्यानं. सांग, हे फोटो कोणाकोणाच्या हातात होते?"

तिघांच्या. सेक्रेटरी यशोवर्धन, कारण फोटो सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये साठतात. वकील वेदिका, कारण तिनं ते समितीकडे दिले. आणि वरच्या मजल्यावरचा प्रणीत, कारण कॅमेऱ्याची सगळी जोडणी त्यानं करून दिली होती. कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड रिकामं निघालं. ते दर आठवड्याला आपोआप पुसलं जातं, असं प्रणीतनं सांगितलं होतं.

"तू स्वतः हे फोटो देण्याआधी नीट पाहिले नाहीस?"

"धूसर दिसायला हवे होते, धूसर दिसले," ती म्हणाली. "कठड्याकडे कोण बघतं मावशी!"

शाब्बास! फिजिक्सच्या प्राध्यापिका! पण ही वेळ नव्हती टोमण्यांची. मी गच्चीवर गेले. पेटीवर अंबूबाईंचा कुंकवाचा टिळा सुकून बसला होता, वरच्याच बाजूला. काच मात्र चकाचक होती. नोटीस आल्यावर कोणीतरी ती साफ केली होती.

४

"मीच पुसून घेतली," यशोवर्धन म्हणाला. त्याचे आजोबा चिकपेटेत कापडाचं दुकान चालवायचे. आमच्यासारखंच शहाजीराजांच्या काळापासून इथलं घराणं, बोलणं अर्धं कन्नड. "नोटीस आली, सरी, बरं, म्हटलं डाग असला तर जाऊ दे. त्यात काय चुकलं अक्का?"

"पुरावा पुसलास, त्याचं काय!"

"अय्यो! पुरावा बिरावा मला काय गोत्त, मला काय कळतंय?" तो चिडला. "हे बघा, सुप्रीताची ही केस मला पटत नाही. प्लांटवाल्यांशी स्वल्प गोड बोललो असतो तर त्यांनी पाणी मारून धूळ दाबली असती. पण फोटो-बिटो मी बिघडवत नाही. पूजेच्या दिवशी मी स्वतः हजर होतो. नवमीला मीच कोहळा फोडला. लिफ्ट, पंप, गाड्या, कॅमेरा, सगळं एकाच वेळेला. मग बायका-पोरांना घेऊन म्हैसूरला गेलो."

राग खरा होता. तोंड फटकळ, पण लपवाछपवी दिसली नाही. तरी मी त्याला यादीतून काढला नाही.

वेदिका निपाणीकडची. तिच्या ऑफिसात फोन केला तर तीच माझ्यावर उखडली. "मावशी, मी माझीच केस कशाला पाडीन? मला प्रणीतनं पेनड्राइव्ह दिला, मी तो तसाच समितीकडं सोडला. उघडून एक-दोन बघितले. धूळ दिसली, बरं वाटलं. आता माझी अब्रूबी गेलीच की त्यात!"

प्रणीत पुण्याचा. सभ्य, हसरा, दार उघडल्याबरोबर खुर्ची पुढे केली. "काकू, तुम्ही बसा ना. चहा घेणार? आय ॲम सो सॉरी फॉर सुप्रीता, पूजेच्या कुंकवानं असं व्हावं! मी तर नवरात्रात इथे नव्हतोच. घरी पुण्याला होतो, दसरा झाल्यावर आलो."

"मग तुला पूजेचं कळलं कुठून?"

"कळायला काय लागतं काकू! दसऱ्याला आपण सगळेच करतो की. मी पण घरी लॅपटॉपला कुंकू लावलं, पण स्क्रीन सांभाळून. आजींनी बिचाऱ्यांनी प्रेमानं लावलं असेल काचेला. जस्ट बॅड लक. माफी मागून मोकळं व्हावं तिनं. मी ऐकलंय, ते लोक तक्रार खरंच करतील."

भिंतीवर त्याच्या कंपनीच्या कार्यक्रमाचा फोटो होता. कंपनी कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवते, असं तो मागे एकदा म्हणाला होता. मी चहा घेतला. चांगला होता, आलं घातलेलं. जिना उतरताना मात्र काहीतरी टोचत होतं, चपलेत खडा अडकावा तसं. काय ते कळेना.

५

खाली आले आणि सुप्रीताला म्हटलं, "नवमीचा फोटो लाव. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा."

तिनं लावला. लख्ख ऊन, लख्ख डोंगर, लख्ख टाकी. कठड्याला झेंडूची माळ. एकेक पाकळी मोजता यावी इतकी स्वच्छ.

"अंबूअक्का, ही माळ तुम्ही बांधलीत ना?"

"हो. पूजेलाच बांधली. त्याच सकाळी, फोटो निघायच्या आधी."

"पूजा कधी केलीत?"

"कधी म्हणजे?" त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. "खंडेनवमीला! आयुधपूजा इथे आणखी कधी करतात? अख्खं बेंगळूर नवमीला गाड्या धुतं. दसऱ्याला कोण करतं?"

खडा सापडला! मी टाळी वाजवली, इतक्या जोरात की अंबूबाई दचकल्या.

"दसऱ्याला पुण्यात करतात!" मी म्हटलं. "इथे नाही. सुप्रीता, डोकं चालव. पूजा नवमीला झाली, कुंकू लागलं, माळ बांधली गेली, आणि त्यानंतरचा हा फोटो बघ, डाग आहे का कुठे? नाही. म्हणजे कुंकवानं काच बिघडली नाही. अंबूअक्का, डोळे पुसा, तुमचा हात निर्दोष आहे. आता दसऱ्याच्या सकाळचा फोटो. हा धूसर. का? प्लांट तर त्या दिवशी दुपारी सुरू झाला! सकाळी धूळ यायची कुठून?"

सुप्रीता ताठ बसली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी पेटलं. "म्हणजे दसऱ्याच्या फोटोतला धूसरपणा ना कुंकवाचा, ना धुळीचा."

"ना आईचा ना बापाचा. तो कोणीतरी हातानं घातला. आणि घालणाऱ्याला वाटलं, पूजा दसऱ्याला झाली, तर डागही दसऱ्यापासूनच दिसायला हवा. यशोवर्धन ही चूक करणार नाही, त्यानं नवमीला कोहळा फोडलाय. वेदिकाही नाही. ती एवढी वर्षं इथे राहते, आणि तिला केस पाडायची असती तर तारखेला गैरहजर राहणं पुरलं असतं. ही चूक अशा माणसाची, जो त्या दिवशी इथे नव्हता आणि ज्याच्या घरी दसऱ्याला पूजा होते."

"प्रणीत," ती हळूच म्हणाली. मग मान खाली घातली. "पण मावशी, हा तर्क झाला. मूळ फोटो कुठे आहेत? समिती विचारेल, कठडा स्वच्छ असलेला एक तरी फोटो दाखवा. सोसायटीच्या कॉम्प्युटरवरही हेच धूसर फोटो. माझ्या फोनवर येतात ते मी पुसून टाकते. कार्ड रिकामं."

ती माफीनाम्याकडे बघत होती.

तेवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याचे फोटो ना? ते माझ्या टॅबवरही येतात की. रोज सकाळी सगळ्यात आधी. मी त्यांच्यावरच तर गुलाब लावते."

६

सुप्रीतानं टॅब ओढून घेतला. मग मी माझा फोन काढला आणि तो मुका केलेला ग्रुप पहिल्यांदा उघडला.

अगं बाई! रोजच्या रोज. परवापर्यंत एकही दिवस चुकलेला नाही. आभाळात गुलाब, कोपऱ्यात गणपती, वर 'शुभ प्रभात', आणि खाली कठडा. धारदार, स्वच्छ, लोखंडाचा गंज दिसावा असा. सुकत चाललेली झेंडूची माळ स्पष्ट. टाकी फिकी. डोंगर बेपत्ता. खरी धूळ अशी दिसते! आणि दसऱ्याच्या सकाळचं चित्र? आपट्याची पानं, 'सोनं घ्या सोन्यासारखं राहा', आणि पानांच्या मागे निळा डोंगर, अगदी टवटवीत. प्लांटचा नारळ फुटायच्या आधीचा.

ज्या दिवशीचा फोटो, त्याच दिवशी पाठवलेला. हुबळीपासून तंजावरपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पडून आहे. प्रणीत कोणाकोणाच्या फोनमध्ये शिरणार होता?

आम्ही तिघी वर गेलो. मी दारातच टॅब पुढे धरला. त्यानं एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि हसू मावळलं.

"आमचं ऑफिस त्या प्लांटचं काम करतं," तो शेवटी म्हणाला. "साहेबांनी सांगितलं, तू तिथेच राहतोस, बघ काही करता येतं का. नाहीतर घरी बस म्हणाले. मला वाटलं, केस फेटाळली जाईल, संपलं. तुझ्या कॉलेजपर्यंत जातील असं खरंच वाटलं नव्हतं, सुप्रीता."

"आणि माझ्या कुंकवावर ढकललंस!" अंबूबाई कडाडल्या. "परवापासून मी देवापुढे बसले नाही रे, हात अपवित्र झाले म्हणून! गणपतीत तुला मोदक दिले होते मी."

त्याला मान वर करता आली नाही. "उद्या मी तांत्रिक बिघाड झाला असं सांगतो," तो म्हणाला. "फोटो बदलून देतो. कुणाचंच नाव यायला नको."

मी काही बोलणार, तोच सुप्रीता पुढे झाली. दुपारी रडत आलेली पोर ती हीच का, असं वाटलं.

"बिघाड झाला नाही, प्रणीत. तू केलास," ती म्हणाली. "उद्या येऊन तेच सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगीन, तुझ्या नावासकट."

७

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. प्लांटच्या वकिलानं माफीनाम्याची प्रत टेबलावर ठेवली, बाजूला पेन ठेवलं, टोपण काढून. सुप्रीतानं पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही परत त्याच्या बाजूला सरकवलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

मग तिनं बोलायला सुरुवात केली. नवमी, दसरा, माळ, कठडा. मी मागे बसून ऐकत होते. एकदाही अडखळली नाही. समितीच्या अध्यक्ष बाई पुढे झुकून ऐकत होत्या. त्या म्हैसूरच्या. नवमीचा मुद्दा आला तेव्हा त्यांनीच मान डोलावली, त्यांना तो समजावून सांगावा लागला नाही.

भिंतीवर अंबूबाईंची चित्रं एकेक करून यायला लागली. गुलाब, गणपती, दवबिंदू, शुभ प्रभात. प्लांटचा वकील हसला. चांगला मोठ्यानं हसला. "मॅडम, हा पुरावा आहे की घरगुती करमणूक?"

अंबूबाई उठल्या. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. सुप्रीतानं पदर ओढला तरी बसल्या नाहीत.

"हसा," त्या म्हणाल्या. "गुलाब माझे आहेत. धूळ तुमची."

वकिलाचं हसू जागच्या जागी राहिलं. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि दसऱ्याचं चित्र परत लावायला सांगितलं. मग त्यानंतरच्या दिवसाचं. दोन्हींत कठडा तोच, डोंगर एकात आहे आणि दुसऱ्यात नाही.

दाराशी प्रणीत उभा होता. येईल असं मला वाटलं नव्हतं, खरं सांगते. त्याला आत बोलावलं, आणि त्यानं सांगितलं. साहेबांच्या नावासकट सांगितलं. आवाज बसला होता, पण गाळलं काही नाही. राग माझा अजून गेलेला नाही, तरी तेवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

फसवणुकीचा आरोप तिथल्या तिथे खोडला गेला. प्लांटची तपासणी होईल, तोवर खडी आणि सिमेंट उघड्यावर हाताळायचं नाही, असा हुकूम झाला. बंद झाला का? नाही. एवढ्यात कुठला होतोय! वकील जाता जाता म्हणाला, "ही लढाई लांब चालेल हं, मॅडम." सुप्रीता म्हणाली, "माझा कॅमेरा कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. आता तो ग्रुप मुका नाही. आभाळात दोन गुलाब, 'शुभ प्रभात', खाली गंजलेला कठडा, लख्ख. टाकी फिकी. डोंगर अजून दिसत नव्हता.

खाली सुप्रीतानं लिहिलं होतं, "उद्याही पाठवा, आई. डोंगर दिसेपर्यंत पाठवत राहा."

आणि मी, जिनं जन्मात कधी असल्या चित्राला उत्तर दिलं नाही, चष्मा लावून एकेक अक्षर शोधत लिहिलं, "शुभ प्रभात, अंबूअक्का."